जुन्या अँप्लिफायरची हीटसिंक पेस्ट: कधी बदलायची, कधी हात लावायचा नाही

जुना अँप्लिफायर उघडला की आधी नजर जाते ती आउटपुट ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, कडेने सुकून बसलेल्या पांढऱ्या भुकटीकडे. ती दिसली की हात शिवशिवतात. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा भाग) यांच्यामध्ये लावलेली पेस्ट वाळली, म्हणजे आता बदललीच पाहिजे, असं वाटतं. माझं मत जरा वेगळं आहे. बऱ्याच सेटमध्ये ती बदलायची गरजच नसते, आणि जिथे गरज असते तिथे नुसती पेस्ट बदलून काम पुरं होत नाही. असं का, ते कळायला ट्रान्झिस्टरमधली उष्णता बाहेर कशी पडते ते आधी पाहावं लागेल.

घरातले बहुतेक जुने अँप्लिफायर क्लास एबी पद्धतीचे असतात, म्हणजे आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. सप्लायमधून ते जेवढी वीज घेतात, तेवढी सगळी स्पीकरपर्यंत जात नाही. बराच भाग आउटपुट ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होऊन राहतो. ही उष्णता आवाज पूर्ण वाढवल्यावर सगळ्यात जास्त असेल असं कुणालाही वाटेल, पण तसं नसतं. ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट आणि त्याच्यावर पडलेला व्होल्टेज यांचा गुणाकार म्हणजे ही उष्णता. आवाज शिगेला असतो तेव्हा करंट खूप असतो, पण लाटेच्या माथ्यावर ट्रान्झिस्टर जवळजवळ पूर्ण उघडलेला असल्याने त्याच्यावर व्होल्टेज थोडाच उरतो. मधल्या आवाजात दोन्ही बऱ्यापैकी असतात. गणित मांडलं तर सर्वांत जास्त उष्णता पूर्ण ताकदीच्या सुमारे ४० टक्क्यांवर निघते. गणपतीत मंडळाचा अँप्लिफायर दिवसभर मध्यम आवाजात आरत्या वाजवत असतो, तेव्हा तो आराम करत नसतो. उलट त्याच वेळी तो तापण्याच्या शिखराजवळ असतो.

आता या उष्णतेचा रस्ता. ट्रान्झिस्टरच्या आत सिलिकॉनची काही मिलिमीटरची चिप असते. तिथून उष्णता ट्रान्झिस्टरच्या धातूच्या तळाला येते, तिथून मायकाच्या पातळ चकतीतून हीटसिंकमध्ये जाते आणि हीटसिंकच्या पात्यांवरून हवेत. मायका, म्हणजे अभ्रक, बहुतेक सेटमध्ये मधे घालावाच लागतो, कारण ट्रान्झिस्टरचा धातूचा भाग त्याच्या कलेक्टरला, म्हणजे तीन टोकांपैकी एकाला, जोडलेला असतो आणि कलेक्टरवर सप्लायचा पूर्ण व्होल्टेज असतो. मायका नसेल तर तो व्होल्टेज थेट हीटसिंकवर आणि तिथून चॅसिसवर, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्यावर, येईल.

पेस्टचं काम या साखळीतल्या एकाच जागी आहे. मशीनवर घासून सपाट केलेला धातूसुद्धा बारकाईने पाहिला तर खडबडीत असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात, बाकी सगळीकडे हवा अडकते. भाकरी तव्यावर मधेच फुगली की फुगलेला भाग तव्यापासून सुटतो आणि तेवढाच कच्चा राहतो, तवा कितीही तापलेला असो. इथेही तेच होतं. हवा उष्णतेला फार कमी वाट देते. साधी पांढरी पेस्ट, म्हणजे सिलिकॉन तेलात मिसळलेली झिंक ऑक्साइडची पूड, हवेच्या सुमारे ३० पट जास्त उष्णता पुढे नेते. मात्र अॅल्युमिनियम याच पेस्टच्या २०० पटींहून पुढे आहे. म्हणून पेस्ट फक्त खाचांमधली हवा हटवण्यापुरती हवी. जाड थर दिला तर पेस्ट स्वतःच अडथळा बनते.

फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहू. २एन३०५५ हा गोल धातूच्या डब्यातला, टीओ-३ आकाराचा ट्रान्झिस्टर जुन्या सेटमध्ये हमखास सापडतो. अशा ट्रान्झिस्टरखाली मायका आणि नीट लावलेली पेस्ट असेल, तर डबा आणि हीटसिंक यांच्यात दर वॅटमागे साधारण ०.३६ अंश सेल्सिअसचा फरक राहतो. तोच मायका कोरडा असेल, तर फरक १.३ अंशांपर्यंत जातो. समजा ट्रान्झिस्टरमध्ये ३० वॅट उष्णता निघते आहे आणि हीटसिंक ६० अंशांवर आहे. पेस्ट चांगली असेल तर डबा ७१ अंशांच्या आसपास राहील, कोरडा असेल तर ९९ पर्यंत जाईल. चिप त्याहूनही सुमारे ४६ अंश वर असते. हा ट्रान्झिस्टर ११५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण तो आकडा डबा २५ अंशांवर असतानाचा आहे. डबा तापतो तशी ही क्षमता दर अंशामागे ०.६५७ वॅटने उतरते. ७१ अंशांवर ती ८५ वॅटच्या जवळ असते, ९९ वर ६६ च्या. म्हणजे कोरड्या मायकावर बसवलेला हाच ट्रान्झिस्टर जवळजवळ १९ वॅटने कमकुवत होतो.

इथे एक बाब नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. पेस्ट उष्णता कमी करत नाही. ट्रान्झिस्टरमध्ये ३० वॅट निघत असतील, तर पेस्ट जुनी असो वा नवी, ते ३० वॅट हीटसिंकमधूनच बाहेर पडणार. त्यामुळे हीटसिंक आधी जितकी तापत होती तितकीच नंतरही तापेल. फक्त ट्रान्झिस्टर थंड होईल. हीटसिंकला हात लावून "पेस्ट बदलली तरी तापतंय" अशी तक्रार केली जाते, पण तापलेली हीटसिंक म्हणजे उष्णता तिच्यापर्यंत पोचते आहे याची खूण आहे. काळजी करायची ती उलट स्थितीत: सेट तासभर वाजतोय, ट्रान्झिस्टरच्या डब्यावरून चटका बसेल इतका तो गरम आहे आणि हीटसिंक मात्र कोमट.

गिरगावात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्याकडे १९८०च्या दशकातला अँप्लिफायर आहे, अजून रोज वाजतो. त्यांनी एक दिवस बोलावलं.

"अरे, सेट फार तापतो हल्ली. पेस्ट सुकली की ट्रान्झिस्टर उडतो म्हणतात. मी नळी आणून ठेवलीये, तू फक्त लावून दे."

"लावतो काका, पण आधी मोजू या का? दहा मिनिटांचं काम आहे."

सेट शोकेसमध्ये काचेच्या दाराआड होता आणि वर क्रोशाचा रुमाल. चालू ठेवून मोजलं तेव्हा हीटसिंक ६८ अंशांवर आणि ट्रान्झिस्टरचा डबा ७२ वर. मधे चारच अंश. म्हणजे पेस्ट कडेने कितीही पांढरीफटक दिसत असली, तरी ट्रान्झिस्टरखाली तिचं काम व्यवस्थित चालू होतं. सेट बाहेर टेबलावर आणला, रुमाल काढला, वर आणि मागे मोकळी जागा ठेवली. हीटसिंकचं तापमान भराभर उतरलं. मुंबईतल्या छोट्या घरांत हे फार दिसतं. मे महिन्यात खोलीतच ३४-३५ अंश असतात, बंद कपाटात त्याहून जास्त, आणि हीटसिंकचं तापमान या हवेच्या वरून मोजायला सुरुवात होते. शिवाय आतल्या फिल्टर कंडेन्सरना, म्हणजे सप्लायची वीज साठवणाऱ्या डब्यांना, उष्णता फार बाधते. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे जागा बदलणं हा बिनखर्चाचा आणि बहुतेक वेळा पेस्टपेक्षा मोठा उपाय आहे.

मोजायचं कसं? इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, पण चकचकीत धातूवर तो चुकीचं, बरंच कमी तापमान दाखवतो. डब्यावर आणि त्याच्या शेजारी हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा, सेट बंद असताना, आणि मग त्या टेपवर मोजा. टीओ-३ च्या डब्याला चालू सेटमध्ये बोट किंवा उघडा प्रोब लावायचा नाही. एका डब्यावर +४५ आणि शेजारच्यावर −४५ व्होल्ट असतील तर दोघांमध्ये ९० व्होल्ट असतात. काही सेटमध्ये मायकाच नसतो आणि हीटसिंकच सप्लायवर असते, तेव्हा हीटसिंकलाही आधी मल्टिमीटर, मग हात. अर्धा तास बऱ्यापैकी आवाजात वाजवल्यावर डबा आणि हीटसिंक यांत तीन-पाच अंशांचा फरक दिसला, तर सेट बंद करून झाकण लावा. पंधरा-वीस अंश दिसले, किंवा एकाच हीटसिंकवरचा एक ट्रान्झिस्टर बाकीच्यांपेक्षा बराच गरम निघाला, तर ते काम हातात घ्यायचं.

पेस्ट खरोखर निकामी होते ती उष्णतेच्या चढउतारांनी. सेट तापतो, निवतो, धातू फुगतात, आकसतात आणि दर वेळी पेस्टमधलं तेल थोडं बाहेर ढकललं जातं. शेवटी पूड मागे राहते आणि तिच्यात हवेच्या भेगा पडतात. समुद्राच्या दमट हवेने पेस्ट वाळते असा समज आहे, पण तो दोष मला हवेला द्यावासा वाटत नाही. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, आणि ते सोडवताना डोकं घसरून स्क्रू फुकट जातो, हा मुंबईच्या पावसाळ्याचा खरा त्रास.

बायस: पेस्टचा दुसरा, कमी दिसणारा संबंध

आवाज शून्य असतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवलेला असतो. तो नसेल तर लाट वरून खाली जाताना मधे तुटते आणि हळू आवाजात खरखर येते. याला बायस म्हणतात. अडचण अशी, की सिलिकॉन ट्रान्झिस्टर तापला की तेवढाच करंट वाहण्यासाठी त्याला दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. बायसचा व्होल्टेज तसाच राहिला तर करंट वाढतो, करंट वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने करंट आणखी वाढतो आणि हे चक्र थांबलं नाही तर ट्रान्झिस्टर जळतो.

ते थांबवायला एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकवर बसवलेला असतो. हीटसिंक तापली की तोही तापतो आणि बायसचा व्होल्टेज आपोआप उतरवतो. पण त्याला कळतं ते हीटसिंकचं तापमान. आउटपुट ट्रान्झिस्टर कोरड्या मायकावर बसलेला असेल, तर तो हीटसिंकपेक्षा ३०-४० अंश पुढे निघून जातो आणि छोट्याला पत्ताच नसतो. एखादं जोरकस गाणं संपल्यावर बायस बराच वेळ चढलेला राहतो, सेट विनाकारण तापतो. म्हणून पेस्ट बदलताना या छोट्या ट्रान्झिस्टरखालीही ती लावायची, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात. काही सेटमध्ये तो थेट आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पाठीवर चिकटवलेला असतो. तिथला क्लिप किंवा गोंद तसाच परत बसला पाहिजे.

कोणती पेस्ट घ्यावी

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात "हीटसिंक कंपाउंड" मागितलं की पांढरी पेस्ट मिळते. तीच पुरे. काँप्युटरच्या प्रोसेसरसाठी दहापट क्षमतेची म्हणून विकली जाणारी महाग पेस्ट इथे फारसं काही करत नाही. कारण सरळ आहे. टीओ-३ खालच्या ०.३६ अंशांपैकी जवळपास दोन तृतीयांश अडथळा एकट्या मायकाचा असतो. पेस्टचा वाटा ०.१ च्या आसपास. तो पूर्ण नाहीसा केला तरी ३० वॅटला तीन अंश वाचतील. चांदीची पूड असलेली पेस्ट तर नकोच. कडेने पसरली तर मायकाला वळसा घालून वीज हीटसिंकपर्यंत पोचण्याचा धोका असतो. आणि लिक्विड मेटलचं नावही घेऊ नये. त्यात गॅलियम असतं आणि ते अॅल्युमिनियमची हीटसिंक अक्षरशः पोखरतं.

पेस्टसोबत त्याच आकाराचे नवे मायका आणि स्क्रूभोवतीचे इन्सुलेटिंग बुश घ्या. दोन्ही स्वस्त आहेत. जुने बुश उष्णतेने ठिसूळ झालेले असतात आणि जुना मायका काढताना त्याचे पापुद्रे सुटतात. ट्रान्झिस्टर चालू असतील तर ते मात्र बदलू नका. सोबत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घ्या. ते पटकन पेटतं, खिडकी उघडी ठेवूनच वापरा.

प्रत्यक्ष काम

इथे मी स्पष्ट सांगेन: ज्यांनी मल्टिमीटर कधी वापरला नाही, त्यांनी हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावं. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सर भरलेले राहतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५ व्होल्टवर सुमारे १० ज्यूल ऊर्जा धरतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला तर ठिणगी उडते आणि कंडेन्सरलाही इजा होते. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी काही सेकंद टोकांवर धरायचा आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज १ च्या खाली आल्याची खात्री करायची. सप्लायच्या + आणि − दोन्ही बाजूंच्या कंडेन्सरना.

सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरची जागा लिहून ठेवा. २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५ बाहेरून सारखे दिसतात, फक्त छापलेला नंबर वेगळा. जागा बदलली तर सेट चालू करताच दोन्ही जातील. चकती मायकाऐवजी पांढऱ्या सिरॅमिकची असेल तर तिथे विशेष सांभाळा: काही जुन्या उपकरणांत अशा चकत्या बेरिलियम ऑक्साइडच्या असत आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तिला घासायचं, तोडायचं नाही. ओल्या कापडाने पुसून तशीच परत बसवायची.

चपट्या प्लास्टिक ट्रान्झिस्टरची, उदाहरणार्थ २एससी५२०० ची, तऱ्हा निराळी. त्यांचे पाय बोर्डवर सोल्डर केलेले असतात. स्क्रू सैल करून तो उचकटला की ताण सोल्डरवर येतो, आणि मग महिन्याभराने एक चॅनेल येतो-जातो. पाय डिसोल्डर करून तो मोकळा करणं चांगलं. परत बसवताना आधी हीटसिंकवर स्क्रू आवळायचा, मग पाय सोल्डर करायचे. या क्रमाने पायांवर ताण राहत नाही.

जुनी पूड जुन्या प्लास्टिक कार्डने खरवडा, उरलेली अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिश पेपर मारू नका. सपाटी जाते आणि धातूचा चुरा नको तिथे पोचतो. भोकांच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. तिथे धातूची बारीकशी धार वर आलेली असेल तर ती मायका भोसकून आरपार जाते. मोठ्या ड्रिल बिटने हाताने दोन वेढे देऊन ती काढून टाका.

पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूंना लागते. मुगाच्या दाण्याएवढी घेऊन बोटात प्लास्टिकची पिशवी घालून पसरवा, इतकी पातळ की खालचा मायका धूसर का होईना दिसत राहील. मायका ठेवा, वर ट्रान्झिस्टर ठेवून किंचित फिरवत दाबा, म्हणजे अडकलेली हवा निघते. टीओ-३ चे दोन स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर तळ तिरपा बसतो. कडेने बारीक रेघ बाहेर आली तर प्रमाण बरोबर आहे. फार जोर लावून आवळू नका, तळ वाकला की पेस्टचा सगळा खटाटोप वाया.

एसटीके मालिकेच्या आयसीला (काही सेटमध्ये सुट्या आउटपुट ट्रान्झिस्टरऐवजी असते ती) मायका लागत नाही, तिची पाठ आतूनच विजेपासून वेगळी केलेली असते. तिथे फक्त पेस्ट. राखाडी किंवा गुलाबी रबरी पॅड असलेल्या सेटमध्ये उलट: पॅड असेल तर पेस्ट लावायची नाही, आणि पॅड फाटला असेल तर नवा पॅड.

सगळं बसलं की प्लग लावायच्या आधी मल्टिमीटरने प्रत्येक ट्रान्झिस्टरचा डबा आणि हीटसिंक यांच्यामध्ये शॉर्ट नाही ना ते पाहा. हीटसिंकच सप्लायवर असलेल्या, मायकाशिवायच्या सेटमध्ये अर्थातच इथे जोड दिसणार. त्यात हीटसिंक आणि चॅसिस यांच्यामध्ये तपासायचं. बाकीच्यांत बीप आली तर मायका किंवा बुश चुकला आहे, पुन्हा उघडा.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नका आणि सेट सिरीज बल्बवर लावा, म्हणजे सेटला जाणारी वीज आधी बल्बमधून जाईल असा, १०० वॅटचा फिलामेंटचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर ताबडतोब बंद करा. स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या खाली असायला हवा.

मग बल्ब काढून, आवाज शून्यावर ठेवून, अर्धा तास सेट तसाच चालू ठेवा आणि बायस बघा. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला (त्याच्या आणखी एका टोकाला) जोडलेल्या रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे: रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल आणि ११ मिलिव्होल्ट दिसले तर करंट ५० मिलिअँपिअर आहे. किती हवा ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं आणि मॅन्युअलचाच आकडा धरायचा. छोटा ट्रान्झिस्टर आता हीटसिंकला नीट चिकटला आहे, तेव्हा जुनी सेटिंग थोडी सरकलेली निघू शकते. प्रीसेट, म्हणजे बायस कमीजास्त करायचा छोटा फिरता रेझिस्टर, अगदी किंचित फिरवा, मधे मिनिटभर थांबा, मग पुन्हा मोजा. जुन्या प्रीसेटचा आतला संपर्क खराब असतो. फिरवताना आकडा उड्या मारत असेल तर तो तिथेच बदलून टाका, कारण काही सेटमध्ये त्याचा संपर्क तुटला की बायस एकदम कमाल होतो.

यानंतर एक दिवस नेहमीसारखा वाजवा. मग सेट बंद करून, कंडेन्सर पुन्हा रिकामे करून, स्क्रू एकदा तपासा. पेस्ट गरम होऊन पसरली की ते किंचित सैल पडतात. बायसचे दोन्ही चॅनेलचे मिलिव्होल्ट, डबा आणि हीटसिंकचं तापमान आणि त्या दिवशीचं खोलीचं तापमान झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून चिकटवून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात मोजाल तेव्हा तुलना करायला तेच आकडे लागतील.